संगप्पा गुरुजींची छत्री

संगप्पा गुरुजींच्या मनगटाला बारा महिने छत्री लटकलेली असायची आणि ती उघडलेली कुणी पाहिली नव्हती. पाऊस आला की डोक्यावर रुमाल टाकून खुशाल भिजायचे. विचारलं तर म्हणायचे, "उघडली की घडी मोडते, मॅडम. बेफिकीर ऱ्हा!" हे 'बेफिकीर ऱ्हा' म्हणजे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध.

मी नांदेडची, नोकरीत नवी. ते लातूरहून रोज एसटीने रेणापूरजवळच्या आमच्या शाळेत यायचे. त्या वर्षी त्यांनी चौथीच्या वर्गात फुलपाखरांचा प्रकल्प काढला. घरच्या कढीपत्त्यावरच्या बारा अळ्या खोक्यात ठेवून बारा पोरांना एकेक वाटून दिली. रोज पिशवीभर डहाळ्याही आणायचे. "शेतात दिसली की फवारता ना? आता जरा खाऊ घाला, मग बोला." राधाची अळी सगळ्यांत जाड. नाव ढोली. हजेरीला राधा स्वतःची 'हजर' देऊन ढोलीचीही द्यायची.

मला किड्यांची भयंकर किळस. त्या खोक्यात मी कधी डोकावलेच नाही आणि तिथेच घात झाला. पोरं कवायतीला गेलेली असताना खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाई आल्या. "मॅडम, कढीपत्ता संपलाय. फोडणीला काय टाकू?" वह्या तपासण्याच्या नादात अळ्यांचं विसरून मी म्हणाले, "चौथीच्या वर्गात खोकंभर आहे की!"

पोरांआधी शिक्षकाने खिचडी चाखायची, हा नियम. गुरुजींचं चाखणं म्हणजे ताटभर. "मीठ एका घासात कळत न्हाई, मॅडम." गळ्यात लिंग, घर कडक शाकाहारी. शेजारी कुणी अंडं सोललं तरी हे उठून दुसरीकडे बसायचे. त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, "कौसाबाई, आज लई झकास! काय टाकलंय?"

"तुमच्या वर्गातला कढीपत्ता."

घास तोंडातच राहिला. "आन् अळ्या?"

"अगं बया! झटकून लिंबोणीवर सोडल्या की. मी काय आंधळी हाय?"

गुरुजी ताटासकट पळाले. मागे बारा पोरं, त्यांच्या मागे मी. लिंबोणीवर मोजल्या, अकरा. पुन्हा मोजल्या, अकराच. ढोली नव्हती. हळूहळू चोवीस डोळे गुरुजींच्या पोटावर जाऊन थांबले.

"गुरुजींनी माझी ढोली खाल्ली!" राधाने भोकाड पसरलं आणि बाकीची अकरा पोरं हसून मातीत लोळली. खरं सांगते, मीही हसले. गुरुजी हसले नाहीत. चवीच्या नोंदवहीत त्यांनी लिहिलं, 'चव उत्तम. बहुधा एक अळी.' मुख्याध्यापकांना घाम फुटला. "अहो, तपासणीला काय दाखवू?" गुरुजी म्हणाले, "चाखलं ते लिहिलं, सर."

राधाने बोलणंच टाकलं. हजेरीला नुसता हात वर. चिक्की दिली, तर टेबलावर परत आणून ठेवली. गुरुजी दुपारी पाण्यावर राहू लागले. 'बेफिकीर ऱ्हा' बंद झालं. मला राहवलं नाही, म्हणाले, "चूक माझी आहे, गुरुजी." ते एवढंच म्हणाले, "पण खाल्लं तर मी ना?"

दहाव्या दिवशी सकाळी मी खडू मागायला त्यांच्या वर्गात गेले होते. वर्गात आले की मनगटावरची छत्री ते खोक्यावरच्या खिळ्याला अडकवायचे, तशी ती टांगलेली. राधा एकदम उभी राहिली आणि न बोलता बोट दाखवू लागली. छत्रीच्या घडीतून दोन काळ्या मिशा हलत होत्या.

गुरुजींनी छत्री अलगद काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघडली. एसटीची जुनी तिकिटं भुरभुर पडली. आत काडीला रिकामा कोष आणि शेजारी ओल्या पंखांची काळी-पिवळी ढोली! बया दहा दिवस फुकटात लातूर-रेणापूर करत होती!

तेवढ्यात खिडकीतलं ऊन छत्रीवर पडलं आणि सगळ्या वर्गाच्या तोंडावर कवडसे नाचू लागले. कापडाची पार चाळण झालेली.

दहा दिवसांनी राधाचं तोंड उघडलं. "गुरुजी, तुमच्या छत्रीला किती भोकं हायत!"

"म्हणून तर तिला हवा मिळाली," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "बेफिकीर ऱ्हा, राधे."

त्या दुपारी त्यांनी तीनदा खिचडी चाखली. निवृत्त होताना छत्री माझ्या हातात देऊन गेले. मी ती वर्गात टांगली आहे, अळ्यांच्या खोक्याच्या बरोब्बर वर. किळस अजून येते, पण खोक्यात रोज डोकावते.