चुलीचा तिसरा दगड

आमच्या भूगर्भशास्त्राच्या बाईंनी आयुष्यात एकाही माणसाला त्याचं वय विचारलं नसेल, आणि एकाही दगडाला ते विचारल्याशिवाय सोडलं नसेल. आणि वय सांगायचं, तर त्यात चूक किती असू शकते हेही सांगायचं, नाहीतर ती त्यांच्या लेखी थाप. पेडण्याच्या एका देवळात पुजाऱ्यांनी देऊळ पाचशे वर्षांचं असल्याचं सांगितलं, तर बाई जोडलेले हात न सोडता म्हणाल्या, "भटजी, शंभर इकडे की शंभर तिकडे?" नवा दगड दिसला की तो आधी जिभेला लावायचा, कारण ओला झाला की त्यातले कण दिसतात. बसमध्ये खिडकी धरायची आणि कुठे ताजी कापलेली दरड दिसली की ओरडायचं, "राव रे!" डिचोलीच्या बसचा कंडक्टर वैतागून म्हणायचा, "बाई, हांगा स्टॉप ना." "स्टॉप ना, पूण फातर आसा न्हू?" दगड तर आहे ना, असं म्हणत त्या उतरलेल्याही असायच्या, आणि त्यांच्या मागे हातोडी, पिशव्या आणि स्वतःची लाज सांभाळत मी.

मी गोव्यातल्या सुर्ल्याची. वडील सिंधुदुर्गातून येऊन खनिजाचा ट्रक चालवायला लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या बाईंनी चढवल्या. "कळलं नाही" हे मान वर करून म्हणायला त्यांनीच शिकवलं. तरी त्यांची भीती मात्र कधी गेली नाही.

माझा सगळा प्रबंध मोप्याच्या सड्याखालच्या, म्हणजे तिथल्या सपाट पठाराखालच्या, एका काळ्या पट्ट्यावर होता. गोव्यात वर सगळीकडे जांभा, खालचा ताजा दगड दिसायला जमीन कापावी लागते. रस्त्यासाठी तिथे डोंगर कापला आणि हा पट्टा उघडा पडला. कधीकाळी भेगेत शिरलेला रस तिथेच थिजून झालेला दगड. तो दख्खनच्या लाव्ह्याचा सोयरा की त्याहून कितीतरी जुना, एवढाच प्रश्न होता. पण आम्ही तिथे पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती दरड काँक्रीटने लिंपणार होते. बाई थेट खोदाईच्या यंत्राच्या तोंडाखाली जाऊन हातोडी घालत होत्या. यंत्राचा बेळगावचा चालक वरून ओरडत होता, "ओ बाई, सरका! अंगावर येईल!" बाई वर न बघता म्हणाल्या, "तू तुझं कर रे बाबा, मी माझं करते." वरून माती ढासळत होती आणि मी पिशवी उघडी धरून उभी. शेवटी नारळाएवढे तीन दगड निघाले. दुसऱ्या दिवशी तिथे नुसती राखाडी भिंत होती.

कॉलेज गणपतीच्या चवथीसाठी बंद होत होतं. कॉलेजात बाईंच्या एका नमुन्याचा दाराला लावायचा अडसर झाला होता, तेव्हापासून त्यांचा तिथे विश्वास नव्हता. "तुझ्या घरी ठेव," त्या म्हणाल्या. "घरातला दगड कोण चोरतो?"

खरंच कुणी चोरला नाही. मी कामासाठी पणजीला गेले आणि चवथीच्या दिवशी सकाळी घरी आले, तेव्हा अंगणात पै-पाहुण्यांसाठी मोठी चूल पेटली होती. वर खतखत्याचं, चवथीच्या मिसळ भाजीचं, पातेलं रटरटत होतं आणि खाली माझे तिन्ही दगड.

"आई, हे दगड!"

"बरे गावले गो," आई कौतुकाने म्हणाली. "जांभ्याचो चिरो आगीत फुटता. ह्ये बघ कसे घट रवले."

असा दगड थिजला की त्याच्या आत एक वायू कणाकणाने साठायला लागतो. तेच त्याचं घड्याळ. पुन्हा पुरेसा तापला तर वायू निघून जातो आणि घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. आता माझा दगड प्रयोगशाळेत सांगणार, जन्म चवथीचा, मुक्काम सुर्ला. इतक्यात बाईंचा फोन आला. "डिचोलीत आहे. दगड न्यायला येते." मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद. समोरच्याचं ऐकायला फोन असतो हे बाईंना कधी पटलंच नव्हतं.

त्या आल्या. आई पाट घेऊन पुढे झाली, "येवा बाई, बसा." "आधी दगड," बाई म्हणाल्या. मी बोट दाखवलं.

बाई चुलीसमोर उकिडव्या बसल्या. माझं तोंड बघून आई घाबरली. "काय झालां? बाटले काय ते?"

बाईंनी बोट ओलं करून दगडाच्या आतल्या अंगाला लावलं. चर्र झालं. ते बोट त्यांनी सवयीने जिभेवर ठेवलं.

"वयनी, आग केन्नापासून?"

"फाटेपासून."

"आणि भायल्या बाजूक?"

"भायर खंय तापता? ह्यो बघा." आईने एका दगडाच्या बाहेरच्या अंगावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. बाई त्या तळव्याकडे बघत राहिल्या. मग झटकन म्हणाल्या, "तो काढा."

"थांबा मगो. माणसां जेवूची आसत."

आमच्या बाईंना थांबायला सांगणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या थांबल्या. पंक्तीला बसल्या, खतखतं दोनदा मागून घेतलं, पण नजर चुलीवरून हलली नाही. सगळे पाहुणे खाली मान घालून जेवले. निखारे विझल्यावर बाईंनी तो एकच दगड टॉवेलात गुंडाळला. "दोन तुमका. ह्यो हांव व्हरतां, उरलेलो परत हाडून दितां," असा परत आणून द्यायचा शब्द त्यांनी आईला दिला.

पुढचे महिने मला अन्न गोड लागलं नाही. दुसरा नमुना मिळणार नव्हता, आणि शिष्यवृत्तीही संपत आली होती. बाईंनी दगडाचा बाहेरचा भाग कापून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे दगड थोडा थोडा वाढवत तापवतात आणि प्रत्येक पायरीला निघालेल्या वायूवरून वय काढतात. एका दुपारी बाईंनी मला खोलीत बोलावून दार लावलं. आलेख टेबलावर होता. पहिल्या दोन पायऱ्या खाली घसरलेल्या, आणि पुढे रेघ सरळ, मोप्याच्या सड्यासारखी सपाट. "ह्या दोन तुझ्या आवयच्या खतखत्याच्या," बाई म्हणाल्या. "पुढचं सगळं त्याचं स्वतःचं." दगड दख्खनच्या लाव्ह्याहून फारच जुना निघाला. मी रडायला लागले, तर बाई म्हणाल्या, "अधिक-उणे बघ आधी!" नमुना चुलीवर वापरला गेल्याचं त्यांनी प्रबंधात लिहायला लावलं.

बाई आता वास्कोला असतात. गुडघ्यांनी जिना बंद केला. उरलेला अर्धा दगड त्यांच्या खिडकीत असतो. दर चवथीला मी डब्यातून खतखतं नेते. "चूल कशी आसा गो?" त्या विचारतात. दोन काळे दगड आणि एक जांभ्याचा चिरा, तो दरवर्षी झिजतो आणि पातेलं त्या अंगाला कलतं, असं मी सांगते. आई खाली कपची सारते, पण दुसरा दगड लावू देत नाही. "बाई हाडतली म्हणाली मगो," एवढंच म्हणते.

"ह्या वर्षी नक्की आणून देते," बाई म्हणतात आणि गुडघ्यांवरून हात फिरवतात. मी तो अर्धा दगड पिशवीत घालून सहज आणू शकेन. ते त्यांना माहीत आहे, मलाही. पण अजून दोघींपैकी कुणीच तसं म्हटलेलं नाही.