मामाच्या रिव्हॉल्व्हरचा दिवा

मला बंदूक मान्य नाही. हे आधीच सांगते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते एका बंदूकवाल्या माणसाचे आभार मानण्यासाठी आहे. वाचून कुणाला वाटेल, ही बदलली. बदलले नाही.

आमचं घर पोलादपूरच्या बाजारपेठेच्या मागं. वडील एका लहानशा संघटनेचं काम करत, त्यामुळं घरात पत्रकांचे गठ्ठे. फडताळात कागद अंथरायचा तो पत्रकाचा, गणितं सोडवायची ती पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर. ‘बंधू-भगिनींनो’ आणि ‘जाहीर निषेध’ हे मी धड्यांच्या आधी वाचायला शिकले. महाडला कॉलेजात जायला लागले तोवर माझी स्वतःची दोन पत्रकं छापून वाटून झाली होती. दुसरं शस्त्रांच्या विरोधात होतं. त्यातली उद्गारचिन्हं आठवली की आज कान गरम होतात.

आणि माझा सख्खा मामा कमरेला रिव्हॉल्व्हर लावून नोकरी करत होता.

मामा फौजेतून हवालदार होऊन परतलेला. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला, डोंगरावर त्याची वाडी. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो हत्यारी रखवालदार होता. रिव्हॉल्व्हर त्याचं स्वतःचं, रीतसर परवान्याचं. वाडीतले बाकीचे पुरुष बहुतेक मुंबईला. मामा तेवढा घरी राहून होता, चार गुरं सांभाळत होता, वरीची शेती करत होता. ही नोकरी गेली की त्यालाही मुंबईच, कुठल्या तरी इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून. मामीला घर, गुरं आणि शेत एकटीनं ओढावं लागलं असतं. हे कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं.

एका शनिवारी संध्याकाळी तो ड्यूटीवरून थेट आमच्याकडं आला. हातात पुठ्ठ्याचा खोका.

“गो भाचे, तुला पत्रकं वाचायची सवय हाय. हे वाच.”

खोक्यात बोटाच्या दोन पेरांएवढे दोन काळे दिवे होते आणि घड्या घातलेले इंग्रजी कागद. मुंबईचा कोणी विक्रेता येऊन कारखान्यात नमुने ठेवून गेला होता. रिव्हॉल्व्हरच्या नळीखाली, चापाच्या कड्याला हा दिवा आवळून बसवायचा. एकात नुसता पांढरा प्रखर उजेड, दुसऱ्यात उजेड आणि लेसरचा लाल ठिपका. मॅनेजरनं मामाला सांगितलं होतं, सोमवारपर्यंत दोन्हींतला एक पसंत करा. ज्याला नको असेल त्यानं हत्याराची ड्यूटी सोडावी.

मी कागदाला हात लावला नाही. उभं राहून भाषण केलं. माणूस मारायच्या वस्तूला आणखी सोयीचं करण्यात मी भागीदार होणार नाही, वगैरे. मामानं पाणी पिऊन होईपर्यंत ऐकून घेतलं.

“झालं? आता वाच.”

“नाही वाचणार.”

“नको वाचू. मग मी न वाचताच बसवतो. ते बरं?”

मी वाचलं.

वाचताना लक्षात आलं की हे कागदही पत्रकंच आहेत. जे विकायचं आहे त्याची स्तुती मोठ्या अक्षरात आणि जे टाळायचं ते तळाशी बारीक. लेसरचा किरण डोळ्यांत जाऊ देऊ नये, हे तळाशी होतं. लागणारा सेल साधा नव्हता, कॅमेऱ्यात घालतात तसला होता. म्हणजे पोलादपुरात मिळणार नाही, महाडला फोटो स्टुडिओत विचारावं लागणार. दिवा बसवल्यावर मामाचं चामडी म्यान चालणार नाही, हे तर कागदात नव्हतंच. ते त्यानं स्वतः खोचून पाहिलं तेव्हा कळलं. रिव्हॉल्व्हर अर्ध्यावरच अडकलं.

“म्हंजे पट्टापन नवा,” मामा म्हणाला. “आणि पुढून जड झालंय. चल उद्या वाडीवर. करून बघू.”

रविवारी सकाळी आम्ही वाडीवर पोचलो. मामाच्या घराला लागून गोठा आहे, मामाचा आणि मागच्या घराचा मिळून एकच. त्याला खिडकी नाही, भर दुपारीही आत अंधार. दिवा पाहायला तेवढीच जागा. मामीनं गुरं बाहेर बांधली. मामानं ओट्यावर बसून सहाही गोळ्या काढल्या आणि मामीच्या हातात दिल्या.

“चुलीपासून लांब ठेव.”

“मग काय फोडनीला घालतेय?” मामी म्हणाली आणि आत जाऊन कुठं तरी ठेवून आली.

मग त्यानं रिकामं चक्र माझ्यासमोर धरलं. “बोट घालून बघ. मी बघितलं म्हनतो, त्यावर जाऊ नको.”

मी सहाही भोकांत करंगळी घातली. आयुष्यात रिव्हॉल्व्हरला लावलेला तो माझा पहिला आणि शेवटचा हात.

आधी लेसर. मामानं गोठ्याच्या दारातून आतल्या भिंतीवर लाल ठिपका पाडला. ठिपका एका जागी राहीना. थरथरत कुडावरून खाली उतरला, शेणगोळ्यावर आला, आणि तिथं दाणे टिपणाऱ्या कोंबडीनं त्यावर चोच मारली. ठिपका सरकला, कोंबडी मागं धावली.

“अवो, माझ्या कोंबडीवर नका रोखू ते!” मामी ओरडली. “आणि हात किती हलतोय तुमचा! फौजेत होता ना तुमी?”

“तेव्हापन हलायचा,” मामा म्हणाला. “तेव्हा दिसायचा नाय.”

आम्ही तिघंही हसलो. मला त्याचं कौतुक वाटलं हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. स्वतःचा हात हलतो हे असं सहज सांगणारा पुरुष मी आमच्या सभांमध्ये पाहिला नव्हता.

मग नुसता दिवा. कागदावर सर्वांत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की अंधारात समोर कोण आहे ते क्षणात ओळखा. मामा म्हणाला, “हेच बघायचं. लाईट गेली, गोदामात खुडबुड झाली, तर मी कसा शिरेन, तसा शिरतो.” आत शिरून त्यानं पुढचं दार ओढून घेतलं, मी त्याच्या मागं. डोळे अंधाराला सरावायच्या आत पलीकडच्या कोपऱ्यात खरंच खुडबुड झाली. मामानं रिव्हॉल्व्हर उचललं आणि कळ दाबली.

झोतात मागच्या घरातली आजी उभी होती. कमरेला शेणाची पाटी. आमच्याकडं गोठ्यात शिरताना कोणी हाक देत नाही. आजी रोज मागच्या दारानं येते, शेण भरते, जाते. आम्ही पुढचं दार सांभाळत बसलो, मागच्याची आठवण तिघांपैकी एकालाही झाली नाही.

आजीनं डोळ्यांवर हात धरला. उजेडाच्या मागं काय आहे हे तिला दिसणं शक्य नव्हतं.

“कोन रे? बॅटरी खाली कर मेल्या, डोळं गेलं माझं!”

मामानं हात खाली केला. “मी हाय गो आजी.”

“मग काय चोर शोधतंस? शेन नेते हां मी.” आणि ती पुन्हा वाकून शेण भरायला लागली.

मामा बाहेर येऊन ओट्यावर बसला. रिव्हॉल्व्हर बाजूला फडक्यावर ठेवलं आणि दिव्याचा स्क्रू काढू लागला. बराच वेळ निघेना.

“रिकामं होतं, मामा,” मी म्हणाले. मी! जिनं पत्रक काढलं होतं ती.

“रिकामं होतं म्हनून काय? मला फक्त कोन हाय ते बघायचं होतं. बघायसाठी मी नळी उचलली.” स्क्रू निघाला. “फौजेत पयलं हे शिकवलं, आधी माणूस ओळख, मग हत्यार. ह्यात आधी हत्यार, मग ओळख. गोदामात कोन असतं? पोत्यांमागं झोपलेला हमाल. आडोशाला गेलेला ड्रायव्हर. पावसाची आत शिरलेली एखादी बाई. चोर आला तर वर्षातनं एक. बाकी सगळ्यांवर मी रोज नळी रोखायची?”

मामी दारात उभी होती. “मग उद्या काय सांगनार?”

“नको म्हनून सांगनार.”

“आणि मुंबई?”

“लागली तर लागली.”

मामी आत गेली, गोळ्या आणून त्याच्यापुढं ठेवल्या, मग म्हणाली, “आजीला ह्यातलं काय कळू देऊ नका. घाबरली तर उद्यापासून शेन न्यायला यायची नाय.” एवढंच तिचं म्हणणं. सगळा भार तिच्यावर येणार होता, आणि तिनं मामाला एका शब्दानंही मागं ओढलं नाही. आभार मानायचे तर निम्मे तिचे.

मामानं मला अर्ज लिहायला बसवलं. मी पेटलेली होतेच. पानभर लिहिलं, कामगाराचा जीव, मालकाची मुजोरी, शस्त्रांचा बाजार. मामानं वाचून घेतलं आणि विचारलं, “हे कुनाचं पत्रक हाय? मला अर्ज पायजे.” मग एकेक वाक्य खोडत गेला. “हे मी म्हनालो नाय. हे मला माहीत नाय. हे खरं हाय, पन त्याला सांगून काय उपेग?” शेवटी तीन वाक्यं उरली. दिलेले दोन्ही दिवे परत करीत आहे. त्यांच्या उजेडात माणूस बघायचा तर आधी त्याच्यावर रिव्हॉल्व्हर रोखावं लागतं. मला हातात धरायची साधी बॅटरी द्यावी, नाहीतर हत्याराची ड्यूटी काढून घ्यावी.

“नाहीतर कशाला?” मी म्हणाले. “ते त्यांना तू स्वतःहून का सुचवतोस?”

“कारन मी ते करनार हाय. जे करनार नाय ते लिहायचं नाय.”

तेव्हापासून मी बरंच लिहिलं. लिहून झालं की प्रत्येक वाक्याला हे विचारते, आणि पुष्कळ वाक्यं पडतात. पत्रकांनी मला राग दिला. त्यासाठी मी वडिलांची ऋणी आहे. पण रागातलं आपलं कुठलं आणि उसनं कुठलं, हे मला त्या ओट्यावर कळलं, ज्या माणसाला मी मनात हिंसेचा नोकर म्हणत होते त्याच्याकडून.

सोमवारी मी कॉलेजला गेले नाही. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी होती तिथं बसून राहिले. मामा खोका घेऊन आत गेला तो तासाभरानं बाहेर आला, रिकाम्या हातानं. बाकड्यावर बसला, दोन चहा सांगितले.

“काय झालं?”

“वाचलं त्यानं. दोनदा वाचलं. म्हनाला, बॅटरी द्यायची तर सगळ्यांना द्यावी लागेल, ते वरच्यांच्या हातात हाय. तुमी रिव्हॉल्व्हर घरी ठेवा आणि ट्रकच्या वजनकाट्यावर बसा.”

“म्हणजे ड्यूटी गेली.”

“ड्यूटी गेली. नोकरी हाय.” त्यानं बशीत चहा ओतला. “मुंबई नाय. मामीला तू फोन कर, वाडीवर लागला तर.”

मी म्हणाले की यावर पत्रक काढते. तो म्हणाला, काढ, पण माझं नाव घालू नको, आणि आजीचं तर बिलकूल नको. चहा संपवून तो उठला आणि फाटकातून उजवीकडं वळला, जिकडं तो याआधी कधी वळत नसे. काट्यावर एक ट्रक निम्माच चढून उभा होता. मामानं दोन्ही हात वर केले आणि ड्रायव्हरला पुढं यायची खूण केली.