आमच्या दारासमोरचं चुपचाप खातं

आमच्या घरावर सरकारची पाळत होती, ही गोष्ट औरंगपुऱ्यात फक्त सरकारलाच गुप्त वाटत असे.

वडील वकील आणि विरोधी पक्षाचे आमदार. निजामाच्या काळात ते तुरुंगात जाऊन आले होते, तेव्हा निजामाचे पोलीस त्यांच्या मागावर असत. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गावभर पेढे वाटले गेले, आणि पाळत मात्र होती तशी राहिली. पुढं आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, पाळतही आमच्याबरोबर आली. जुन्या राजवटीचं बाकी किती काय काय मोडीत निघालं, पण हे एक काम प्रत्येक नव्या सरकारनं इमानेइतबारे पुढं चालवलं. वडील म्हणत, "आधी माझ्यामागं घोडेस्वार असायचा, आता सायकलवाला असतो. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच."

सायकलवाला म्हणजे चाचा. ते पोलिसांच्या ज्या शाखेत होते तिला आमच्या गल्लीत 'चुपचाप खातं' म्हणत. चाचा साध्या कपड्यांत येत, समोरच्या बुक बाइंडरच्या पायरीवर बसत आणि उर्दू पेपर उघडत. सायकल आमच्या ओट्याला टेकवलेली असे. तिच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात सरकारी नंबर होता. गुप्त पोलिसाच्या सायकलवर नंबर कशाला, असं मी एकदा विचारलं तर ते म्हणाले, "बेटी, नंबर नसला तर चोरीला जाईल ना."

चाचांची खरी अडचण दुसरीच होती. वडील जीपमधून जालन्याला किंवा पैठणला गेले की सायकलवरून मागं जाणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून संध्याकाळी वडील परत आले की चाचा वर येत, चप्पल काढत आणि अदबीनं विचारत, "वकीलसाब, आज किधर गये थे? मेरे कू लिखना है." वडील सांगत, चाचा लिहून घेत. सभेला किती माणसं होती, हा आकडा वडील नेहमी फुगवून सांगत. चाचा तो मनातल्या मनात निम्मा करून लिहीत. असं सगळं सुरळीत चाललं होतं. आई दोघांनाही चहा देई.

हे वाचून कोणाला वाटेल की चाचा कामचुकार होते. मुळीच नाही. उलट त्यांच्यापेक्षा नेमानं ड्युटीवर येणारा सरकारी माणूस मी पाहिलेला नाही. फक्त त्यांच्या खात्याचा एक नियम होता: ज्याच्यावर पाळत आहे त्यानं पाळत ठेवणाऱ्याला ओळखलं, की त्याची बदली. या नियमानं चाचांची बदली पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. ती होऊ नये म्हणून आमचं घर, बाइंडर आणि अख्खी गल्ली वर्षानुवर्षं त्यांना न ओळखण्याची शिकस्त करत होती.

त्याला कारण होतं. चाचांची मुलगी माझ्याच वर्गात होती. चाचांचं घर अजिंठ्याला. तिथं त्यांचे भाऊ, भावजया, थोडी शेती. मुलीला शिकवायचं म्हणून ते हट्टानं बायको-मुलीला घेऊन शहरात राहिले होते. बदली होऊन ते चांदा-गडचिरोलीकडं गेले असते तर मायलेकी अजिंठ्याला गेल्या असत्या आणि मुलीची शाळा संपली असती. भाऊ आधीच म्हणत होते, पोरीला इतकं शिकवून काय करता. ती गणितात माझ्या कितीतरी पुढं होती. मी तिच्या वहीतून उतरवत असे आणि तरीही माझं चुकत असे.

आता वडिलांचं. त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. हे खातं कोणाला जबाबदार आहे? रस्त्याचा खड्डा असला तर सभागृहात प्रश्न विचारता येतो, शाळेचं छप्पर गळलं तर विचारता येतो, पण चुपचाप खात्याबद्दल विचारलं की उत्तर यायचं, जनहिताच्या दृष्टीनं सांगता येत नाही. "माझ्यावर पाळत ठेवणं जनहितात आहे, आणि मी ते विचारणं जनहितात नाही," असं म्हणत ते घरभर फेऱ्या मारत. आई म्हणे, "जनहित राहू द्या, अंघोळीचं पाणी निवतंय."

तीन अधिवेशनं भांडून त्यांनी एवढं मिळवलं की विधिमंडळाची एक समिती या खात्याच्या कारभाराची चौकशी करील. वडील तिचे सदस्य. समितीनं पहिली बैठक औरंगाबादला ठरवली. वडिलांना वाटलं हा आपला विजय. मला आता वाटतं, अजिंठ्याची लेणी जवळ होती म्हणून. कुठल्याही समितीचा आमच्या गावाशी जो संबंध येतो तो लेण्यांमार्फतच येतो. अध्यक्ष साखरेच्या मुलखातले एक गोड स्वभावाचे, गोलमटोल गृहस्थ होते. त्यांनी येण्याआधी कळवलं होतं की कामकाज एका दिवसात उरकावं, कारण दुसऱ्या दिवशी गाड्या सकाळी लवकर निघायच्या होत्या.

आदल्या संध्याकाळी वडिलांनी चाचांना सांगितलं, "उद्या इकडं फिरकू नका. समिती दुपारी आमच्याकडं जेवायला आहे. तुमचे मोठे साहेबही असतील."

चाचा म्हणाले, "नक्को वकीलसाब, आना पडता. हुकुम है. कमिटी किस किस से मिलती, वो देखना है."

 वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाळतीची चौकशी करणाऱ्या समितीवरही पाळत, आणि ती ठेवणार आमचेच चाचा.

समितीचं कामकाज गोपनीय असतं. म्हणून वडिलांनी दुपारी घरात पाय ठेवल्या ठेवल्या ते सगळं आईला सांगितलं. सकाळी विश्रामगृहातल्या बैठकीत मोठ्या साहेबांनी ठणकावून सांगितलं होतं, की या राज्यात लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसावर पाळत नाही. वडील उसळले. अध्यक्षांनी त्यांना शांत केलं आणि म्हणाले, तुमच्याकडं पुरावा असेल तर जेवणानंतर ठेवा, नसेल तर विषय संपवू. वडील रिकामे हात हलवत म्हणाले, "पुरावा समोर पायरीवर बसलाय आणि मला तो दाखवता येत नाही."

आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिचं लक्ष चुलीवर होतं. येसरची आमटी, भरलेली वांगी, भाकरी, जिलेबी. दिवाणखान्यात पाट मांडले, पंगत बसली. मधोमध अध्यक्ष, त्यांच्या शेजारी मोठे साहेब. साहेब भारी माणूस. बोटांना आमटी लागू न देता भाकरी खात होते. मी आणि माझी आत्या वाढत होतो.

आमच्या आईचा एक शिरस्ता होता. घरात पंगत बसली असताना दारातून दिसणारा माणूस उपाशी राहता कामा नये. मग तो भिकारी असो, पोस्टमन असो की पाहुण्यांचा ड्रायव्हर. तिनं दारातून पाहिलं, ड्रायव्हर जेवायला बसले होते, आणि समोर चाचा उन्हात पेपर धरून बसले होते. रोजच्या सवयीनं, रोजच्याच खणखणीत आवाजात तिनं हाक मारली, "अवो भाऊ, पाळत नंतर ठिवा. आधी हात धुवा अन् जेवून घ्या. आमटी निवली की मग मजा नाय."

पंगत थांबली. एका सदस्याचा घास हातातच राहिला. चाचा उठून उभे राहिलेले, पेपर छातीशी धरलेला. त्यांच्या मागं आमच्या ओट्याला नंबरवाली सायकल.

अध्यक्षांनी आधी बाहेर पाहिलं, मग आईकडं. ते वाटले होते तितके भोळे नव्हते. "वहिनी," ते म्हणाले, "कसली पाळत?"

 आईनं वडिलांकडं पाहिलं. मोठे साहेबही वडिलांकडं पाहत होते. तीन अधिवेशनं ज्याच्यासाठी घसा बसेपर्यंत भांडले, तो पुरावा बायकोनं भर पंगतीत वाढून ठेवला होता. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. सहा आमदारांनी डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. साहेबांना सकाळचे शब्द गिळावे लागले असते.

माझ्या हातात जिलेबीचं ताट होतं आणि माझ्या मनात एकच होतं, की आता चाचांची मुलगी शाळेतून जाणार.

"तो?" वडील म्हणाले. "तो समोरच्या बाइंडरचा माणूस. दिवसभर बसून असतो, म्हणून ही त्याला चेष्टेनं तसं म्हणते. व्हय का नाही गं?"

"व्हय," आई म्हणाली.

वडील खोटं बोलले. निजामाच्या पोलिसांनी बांबूनं मारलं तेव्हा जे खोटं बोलले नव्हते ते घरच्या पाटावर बसून, हातात भाकरी घेऊन, विधिमंडळाच्या समितीशी खोटं बोलले. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. आणि त्यांचा इतका रागही आला नव्हता, कारण मोठ्या साहेबांच्या ओठांवर हसू होतं. साहेबांनी जिलेबी मागून घेतली. दोनदा.

चाचा आत येऊन शेवटच्या पाटावर बसले आणि मान खाली घालून जेवले. दुपारच्या बैठकीत वडिलांनी पुरावा नसल्याचं सांगितलं. समितीनं नोंद केली की तक्रारीत तथ्य आढळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लेणी पाहिली.

महिना उलटायच्या आत चाचांची बदली झाली. चांद्याकडं, प्रशासकीय कारणास्तव. वडील मुंबईला जाऊन त्या साहेबांना भेटले. साहेब नम्रपणे म्हणाले, "कोणाबद्दल बोलताय आपण? तो तर बाइंडरचा माणूस ना?" वडील तसेच परत आले. संताप त्यांच्या तोंडावर दिसत होता, पण तो काढायला त्यांना जागाच उरली नव्हती, कारण ते शब्द त्यांचेच होते.

चाचांची मुलगी शाळेचा दाखला घ्यायला आली. ऑफिसबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो.  ती म्हणाली, "अब्बा बोले, भाभी कू बोलना, येसर लई चांगली होती." मी घरी येऊन आईला ते सांगितलं. आई स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून रडली आणि नंतर कित्येक दिवस तिनं येसर केली नाही.

बाइंडरच्या पायरीवर नवं कोणी आलं नाही. आठवडे गेले. ओट्याला सायकल नाही, उर्दू पेपर नाही. गल्लीतले लोक वडिलांना म्हणू लागले, चला, सुटलात. वडिलांनाही तसंच वाटलं असावं. मग पुढच्या अधिवेशनात एक मंत्री बोलायला उभे राहिले आणि वडिलांनी आमच्या घरात, जेवताना, आई, आत्या, तिचा नवरा आणि मी अशा आम्हा चौघांसमोर केलेला एक विनोद त्यांनी हसत हसत सभागृहाला ऐकवला. जसाच्या तसा, आईनं त्यावर काय म्हटलं त्यासकट.

वडील घरी आले आणि त्यांनी पहिल्यांदा माळ्यावरच्या नव्या भाडेकरूचं नाव काढलं. मग दूधवाल्याचं. मग बाइंडरचं. मग आत्याच्या नवऱ्याचं. आत्या ताटावरून उठून गेली.

ती गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्ही चुपचाप खात्याचा प्रश्न परत विचारणार का?"

वडील उठले. त्यांनी दार लावलं, मग खिडकी लावली, आणि मग उत्तर दिलं. ते इतकं हळू होतं की मला काही ऐकू आलं नाही, "काय?" असं मी पुन्हा विचारलं.

"विचारणार," ते कुजबुजले. "पण तू मोठ्यानं बोलू नको."