दहा तास पोहलेलं रक्त

केराबाई मंद्रूपकडच्या धनगराच्या घरातल्या. गावच्या तळ्यात मेंढरं धुता धुता पोहायला शिकल्या. आज चौपन्न वर्षांच्या आहेत आणि सोलापुरात आमच्या कॉलेजच्या जलतरण तलावावर मुलींच्या बॅचला जीवरक्षक आहेत. सुट्टीच्या दिवशी पाण्यात उतरल्या की आठ-आठ, दहा-दहा तास पोहतात. कुणी याला थाप म्हटलं की मी भांडायला उठते.

मी कीर्ती, त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने काढते. मागच्या वर्षी आमच्या डॉ. बसवेश सरांनी लांब पल्ल्याच्या सात जलतरणपटूंचा अभ्यास हाती घेतला. तासन्‌तास शरीर राबलं की ऑक्सिजनपासून पेशींची नासधूस करणारे कण तयार होतात. त्यांना आवरणारी कुमकही शरीरातच असते. कण वरचढ झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. म्हणून तीनदा रक्त घ्यायचं: पोहण्याआधी, दहा तास पोहून बाहेर आल्याबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. आधीचे दोन दिवस पूर्ण विश्रांती.

सहा जण पंचविशी-तिशीतले. सातव्या केराबाई. सहाही जणांच्या रक्तातला या स्ट्रेसचा आकडा पोहल्यावर सरळ वर गेला. केराबाईंचा जवळजवळ हललाच नाही. सर खुर्चीतून उठलेच. या अभ्यासाची बातमी करायला वर्तमानपत्राचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी तर पळतच तलावावर गेले.

"मावशी, दहा तास पोहलात आणि तुमच्या रक्ताला पत्ताच नाही!"

त्यांना हे काही पटेना. "आन ते पयलं रक्त कशाला घेतलंतं?"

"काही काम न केलेलं रक्त कसं असतं ते बघायला. दोन दिवस विश्रांती घेतली होती ना तुम्ही?"

"व्हय. दोन दिस रजा टाकून म्हायेरला गेलते."

"आणि तिथं काय केलंत?"

"बिरुदेवाची मेंढरं धुतली. लोकरीचं कातरण हुतं. साठ मेंढरं, छातीभर पान्यात, दोन्ही दिस सकाळधरनं दिवस बुडंपतुर. लई बरं वाटलं."

मी कपाळाला हात लावला. बिरुदेव म्हणजे त्यांचा भाऊ. माहेरच्या कामाला काम म्हणतात हे बाईंच्या गावीही नव्हतं. पहिला आकडा मेंढरांनीच चढवून ठेवला होता, मग पोहून आणखी वाढलेला दिसणार कुठून?

खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, "मावशी, हे कुणाला सांगू नका. उद्या तुमचा फोटो काढायला येतायत."

"आन ते चुकीचं ल्हिवत्यात त्याचं काय?" त्या ओल्या पायांनीच सरांच्या खोलीकडे निघाल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. हे नमुने बाद करावे लागतील, असं म्हणाले. केराबाईंचा चेहरा उतरला.

"मग परत पवते की. ह्या बारीला दोन दिस खाटंवरनं उठत न्हाय."

महिन्याभरानं त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. पंचवीस मीटरच्या तलावात सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत. फेऱ्या मी मोजल्या, आठशे चार. बाहेर आल्या तेव्हा बोटं सुरकुतली होती, ओठ पांढरे पडले होते. मी तिथंच काठावर बसवून त्यांचं रक्त घेतलं.

निकाल आला. पोहल्यावरचा आकडा दुपटीला टेकला होता. दुसऱ्या सकाळी तो थोडाच उतरला होता, पोरांचा उतरला होता तितकाच. वर्तमानपत्रवाला आलाच नाही. त्याला यात बातमी दिसली नाही. मी कागद केराबाईंपुढे ठेवला आणि चिडूनच म्हटलं, "चढला बघा. चारचौघांसारखाच."

त्यांनी मधल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तोंडभर हसल्या.

"चढनारच की! दहा तास पवलीया मी. मागच्या कागदावर तर मी पान्यात उतरलेच न्हवते."