नाकोबा मामाची काळी बिअर

मामाच्या काळ्या बिअरमध्ये मनुका नसायच्या, कॉफी नसायची, चॉकलेटही नसायचं. तरी घोट घेतला की हे सगळं लागायचं. हे येतं कुठून, हा प्रश्न मी वीस वर्षं त्याला विचारतेय. "बार्ली भाजण्यात आहे सगळं," एवढंच तो म्हणायचा. मी पिच्छा सोडेना, तेव्हा एकदा त्याने भाजलेले काळे दाणे माझ्या हातावर ठेवले. "चाव. आता तरी गप्प बसशील." आधी कडू, मग करपट, मग हळूच गोड. मी अर्थातच गप्प बसले नाही.

मामा बिअरच्या ज्या छोट्याशा कारखान्यात कामाला होता, तिथे त्याला सगळे 'नाकोबा' म्हणत. ही जड बिअर आठ महिने लाकडी पिंपात मुरायची आणि बाटलीत कधी भरायची ते त्याचं नाक ठरवायचं. गार ग्लास तो दोन्ही तळव्यांत धरून आधी कोमट करायचा. "गार बिअर मुकी असते," म्हणायचा. मग ग्लासात नाक खुपसायचा, आणि बाकीचे श्वास रोखून उभे.

यंदा तापातून उठल्यावर तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. शेजारी दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला, आणि मामा निवांत पान उलटत होता. मामीने धावत येऊन गॅस बंद केला.

"ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला," तो म्हणाला. "कारखान्यात बोलू नका. पुढच्या आठवड्यात पिंप उघडायचंय."

"जमेल तुला?" मी विचारलं.

"जीभ आहे ना! कडू-गोड कळतं."

मला काही ते पटलं नाही. मामीला तर मुळीच नाही. जन्मात बिअरला न शिवलेली ती बाई पिंप उघडायच्या दिवशी आमच्याबरोबर कारखान्यात आली.

मामाने ग्लास कोमट केला, नाक घातलं, घोट घेतला. कारखान्याच्या मालकीणबाईंनी विचारलं, "काय मग, भरायची?"

त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. घाई झाली असती तर आठ महिन्यांची मेहनत वाया गेली असती, एवढंच. मामाने पुन्हा एकदा ग्लासात नाक खुपसलं. मग त्याने ग्लास मामीपुढे धरला.

"मला वास येत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तू सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"येतंय ते सांग."

मामीने आधी नाक मुरडलं, मग वास घेतला. "सुकं अंजीर. करपलेली साखर. आणि मागून लाकूड."

"कसलं लाकूड? जुन्या कपाटासारखं?"

"छे! आत्ताच करवत फिरवल्यासारखं."

मामा मालकीणबाईंकडे वळला. "लाकूड अजून ताजं येतंय, म्हणजे कच्ची आहे. महिनाभर मुरू दे."

"मुरू दे," त्या म्हणाल्या, आणि लोक कामाला लागले. ग्लास मात्र मामीच्याच हातात होता. मामाने डोळे मिटले.

"अजून काय येतंय?" त्याने विचारलं. "सावकाश सांग."