आखाजीनंतर न्यायला

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके खेळतात, रस-पोळी खातात, गळ्यात गळे घालून रडतात. सण झाला की सासरहून कोणीतरी न्यायला येतं, आई ओटी भरते आणि लेक निघते. मला स्वतःला माहेरी कोणी कधी बोलावलं नाही, तो विषय सोडा. पण न्यायला मात्र मी गेले होते, भडगावला.

ती आणि मी पिंप्राळ्यात पंधरा वर्षं एका घरात राहिलो. पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास. ती धुळ्याला सरकारी ऑफिसात, रोज एस.टी.नं अपडाऊन करायची. कॉलनीतल्या बायका आम्हाला मैत्रिणी म्हणायच्या. म्हणेनात का! संध्याकाळी तिची बस उशिरा आली की माझा जीव टांगणीला लागायचा, आणि ती दारात दिसली की मी आधी भांडायचे, मग चहा टाकायचे. संसार म्हणजे आणखी काय असतं हो?

धुळ्याला ऑफिसातच तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऑफिसवाल्यांनी तिच्या भावाला फोन केला, नात्याचा म्हणून. मी तिचा गाऊन, टॉवेल आणि डब्यात पेज घेऊन दवाखान्यात पोचले, तर भाऊ म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतला?" थोडं बरं वाटल्यावर तो तिला परस्पर भडगावला आपल्या घरी घेऊन गेला.

तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. बहिणीला स्वतःच्या हातानं भरवतो. मी दर रविवारी जायचे. चहा मिळायचा, आणि मग, "मॅडम, बस चुकेल हं तुमची."

त्या उन्हाळ्यात कोर्टात आमच्यासारख्यांच्या लग्नाची केस चालली होती. टीव्हीवर रोज आरडाओरडा. क्लासमधली एक पोरगी म्हणाली, "दोन्ही बायाच, मग त्यात नवरा कोण?" बाकीच्या खिदळल्या. "आधी ते काज नीट कर," मी खेकसले. त्या रविवारी भावाला ओट्यावर गाठलं आणि सरळ सांगून टाकलं. "भाऊ, मैत्रीण नाही हो ती माझी. नवरा-बायको राहतात तशा राहिलो आम्ही. तिला माझ्या घरी येऊ द्या."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "कोर्टात चाललंय ना ते? कोर्ट हो म्हणालं तर बघू."

आशा मेली फार वाईट! देवापुढे कधी न बसणारी मी, टीव्हीपुढे हात जोडून बसायला लागले. संडासात तिला धरायला दांडी बसवून घेतली. तिचा पलंग खिडकीजवळ सरकवला. ऑक्टोबरात निकाल आला. लग्नाचा हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. संसदेनं! माझं माणूस भडगावला खाटेवर पडलंय, आता मी कोणाच्या पाया पडू? त्या दिवशी क्लास बंद ठेवला आणि उशीत तोंड खुपसून ओरडले.

पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी मी फोन केला. तिची आई, अक्का, फोन तिच्या कानाला धरते. "परवा तुला न्यायला येते. तयार राहा," मी म्हटलं. पलीकडून "हं" आलं. तेवढंच येतं तिला आता.

जावई येतो तशी गेले मी. नवी साडी नेसून, आंब्यांची पाटी घेऊन, रिक्षा दाराशी थांबवून. ती ओट्यावर खुर्चीत बसली होती. वेणी घातलेली, पायात चपला. अक्का म्हणाली, "सकायपाईन बठेल शे वं माय. भाकर बी नही खादी." सकाळपासून अशी बसलेली, उपाशी.

भाऊ बाहेर आला. रिक्षा बघितली, पाटी बघितली. "असं नका करू, मॅडम. कोर्टानंही नाही म्हटलं. तुम्ही कोण लागता तिच्या? गावाला काय सांगू मी? माझी पोरगी लग्नाची आहे."

"तिला विचारा! कोणाकडे जायचंय ते तिला विचारा की!" मी ओरडले. समोरच्या पोरींनी झोका थांबवला. त्यानं विचारलं नाही.

मी अक्काकडे बघितलं. ओटीचा नारळ तिनं काढून ठेवलेला होता, हातातच होता. "मना हातमा काय शे वं माय," म्हणून ती रडायला लागली आणि नारळ पदराखाली घेतला.

मग भाऊ बहिणीपुढे खाली बसून तिच्या चपला काढू लागला. उजव्या पायातली लगेच निघाली, त्या पायात जीवच नाही. डावा पाय मात्र तिनं खुर्चीखाली ओढून घेतला आणि बोटं आवळून धरली. "दे ना बाई, दे," तो म्हणत राहिला. तिनं दिली नाही.

मी रिक्षात बसले तेव्हा एका पायात चप्पल घालून ती तशीच बसली होती, माझ्याकडे बघत.