कंदीलवाल्यांची नात

पुस्तकाच्या दंडाच्या बाबतीत देवालाही सोडणार नाही अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. बर्मिंगहॅमला आमच्या घराजवळ एक छोटी ब्रँच लायब्ररी होती, तिथली ही लायब्ररियन. मूळची अमेरिकन, लग्न करून इकडे आलेली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. उंच, हाडकुळी, बारा महिने एकच हिरवा कार्डिगन. आमच्या रस्त्यावरच्या चर्चचा पाद्री एकदा पुस्तक उशिरा घेऊन आला आणि म्हणाला, "एका मयतीला जावं लागलं हो." बाई म्हणाली, "ऐकून फार वाईट वाटलं. दंड त्या डब्यात टाका." पाद्र्याने टाकला. स्वतःला उशीर झाला तरी ती त्याच डब्यात टाकायची, आणि वर स्वतःला एक-दोन शब्द सुनवायची.

मी शिकलेला चौथीपर्यंत. ते मी लपवत नाही, मिरवतही नाही. ऐंशी सालानंतर मी काम करायचो ती लोखंड ओतायची फाउंड्री बंद पडली आणि मी लायब्ररीत जाऊन बसायला लागलो. घरी हीटर नव्हता म्हणून नव्हे, हीटर होता. पण दिवसभर घरात बसलेला पुरुष घरातल्या बाईला नको होतो, हे ज्याची नोकरी गेली त्यालाच कळेल. काही दिवस बाईने मला बघितलं आणि मग टेबलाशी येऊन विचारलं, "मिस्टर जाधव, तुम्ही रोज येता, पुस्तक मात्र नेत नाही. का?" मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला." तिने खणातून एक खोकं काढलं. लोकांनी विसरलेले वीस-पंचवीस चष्मे होते त्यात. "यातला कुठला लागतो बघा." आता काय करणार? मी सरळ सांगितलं, "बाई, मला इंग्रजी वाचता येत नाही. माझी काही हरकत नाही, तुमची असेल तर सांगा." ती म्हणाली, "माझीही नाही. बसा."

पण बसू देईल ती बाई कसली. तिने वर कौन्सिलला लिहून माझ्यासाठी मराठी पुस्तकं मागवली. आली तेव्हा मी बघतो तर सगळी शेल्फवर सरळ उभी, एकही उलटं नाही. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाली, "तुमची अक्षरं दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी लटकलेली असतात. दोरी वर ठेवली." पुस्तकं मात्र पाठवणाऱ्याने डोळे मिटून भरली होती. लोणची-मुरंबे, पुन्हा लोणची-मुरंबे, आणि गरोदरपणात घ्यायची काळजी. ते काळजीचं मी दोनदा वाचलं. कारण दर वेळी ती विचारायची, "कसं आहे?" आणि वाचल्याशिवाय सांगणं मला जमत नाही. मी म्हणायचो, "चांगलं आहे. जड उचलायचं नाही."

तिच्या घराण्याची गोष्ट मला तिने पुस्तकं लावता लावता तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. पणजोबांनी अमेरिकेत एका खेड्यात हाताचं छापयंत्र बसवलं. आजोबांनी त्याची मोठी कंपनी केली. शाळा न झालेल्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी पुस्तकं काढायची, हा त्यांचा धंदा. मधमाशा कशा पाळाव्यात, कोठार कसं बांधावं, दोराच्या गाठी, आकाशातले तारे. पुस्तकाच्या पाठीवर खूण म्हणून छोटा कंदील. घराण्याची दुसरी पाती लायब्ररीवाल्यांची. आत्या घोडागाडीत पुस्तकं भरून डोंगरातल्या वस्त्यांवर वाटत फिरायची, आईने एका गावची लायब्ररी उभी केली. या दोन पात्यांचं कधी जमलं नाही. छापणारे म्हणायचे, तुम्ही एक पुस्तक शंभर जणांना फुकट वाचायला देता, मग आमचं विकत कोण घेणार? ख्रिसमसच्या जेवणाला एका बाजूला छापणारे, दुसऱ्या बाजूला वाटणारे, आणि मध्ये भाजलेला टर्की. "मी मध्ये बसायचे," बाई म्हणाली, "टर्कीशेजारी." पुढे ती कंपनी एका बड्याने घेतली, त्याला आणखी बड्याने घेतलं, आणि कंदील विझला. तिची बहीण होती, पण तिने पुस्तकाला कधी हात लावला नाही. घराण्याचं काम करणारी ही एकटीच उरली.

आमच्या लायब्ररीत खालच्या फळीवर त्या कंदिलाची काही पुस्तकं होती, बाई येण्याच्या आधीपासूनची. इतक्या लांब आजोबांची पुस्तकं सापडली म्हणूनच तिने इथली नोकरी धरली होती. पण लायब्ररीचा नियम असा, की जे पुस्तक वर्षानुवर्षं कोणी नेत नाही ते काढून टाकायचं. ही पुस्तकं कोण नेणार? आमच्या रस्त्यावर कोठार कोण बांधतंय? स्वतःच्या कार्डावर नेणं तिला अप्रामाणिक वाटायचं. हे ऐकल्यावर मी सगळी उचलून तिच्या टेबलावर ठेवली. "शिक्का मारा."

"तुम्हाला वाचता येत नाहीत."

"वाचलीच पाहिजेत असा नियम आहे?"

तिने दोन दिवस नियमांचं पुस्तक चाळलं. तसा नियम नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने शिक्के मारले.

मग वर्षानुवर्षं हेच. पुस्तकं न्यायची, चित्रं बघायची, मुदतीत परत द्यायची. आमची ही म्हणायची, "अहो, ही पुस्तकं उशाला घेऊन झोपायचंय का?" हॉस्पिटलमधले आमचे डॉक्टर रस्त्यात भेटले की, "काय जाधवराव, पीएचडी कुठवर आली?" मी म्हणायचो, "तुमची औषधं लागू पडतील त्याच्या आधी होईल."

फक्त एक अट बाईने स्वतःच घातली होती. परत आलेलं पुस्तक एक रात्र शेल्फवर झोपलं पाहिजे, दुसऱ्या कोणाला हवं असेल तर त्यालाही संधी मिळावी. मी कितीदा म्हटलं, कोण येतंय तुमचं कोठार न्यायला? ती ऐकायची नाही. म्हणायची, "आत्या असती तर एक आठवडा ठेवलं असतं."

मग नव्वदनंतर कॉम्प्युटर आला. वरून हुकूम निघाला, जुनी पुस्तकं सरसकट काढा. न सांगता व्हॅन आली, ती नेमकी त्याच संध्याकाळी. सकाळीच मी पुस्तकं परत केली होती आणि ती शेल्फवर झोपली होती. बाईने ती स्वतःच्या हाताने माणसांना काढून दिली. पिशवीत घालून घरी नेली असती तर कोणी विचारलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी ओरडलो तिच्यावर. ती एवढंच म्हणाली, "पुस्तकं लायब्ररीची होती, मिस्टर जाधव."

एक तेवढं वाचलं. कोंबड्या पाळण्याचं. माझ्या घाईत ते घरीच सोफ्यामागे पडून राहिलं होतं.

बाईच्या रिटायरमेंटच्या दिवशी साडेचारच्या सुमारास बेल वाजली. दारात हिरवा कार्डिगन.

"मिस्टर जाधव, तुमच्याकडे लायब्ररीचं एक पुस्तक आहे. मुदत संपली."

"परत दिलं तर त्याचं काय होईल?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

"मग देत नाही."

मागून ही म्हणाली, "अहो, द्या की त्यांचं त्यांना. कोंबड्या तरी आहेत का आपल्याकडे?"

"तू गप."

बाई म्हणाली, "मला काहीतरी लिहावं लागेल. परत आलं, किंवा हरवलं."

"हरवलेलं नाही. मी वाचतोय असं लिहा."

तिने पेन काढलं, लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "पुस्तक वाचकाकडे आहे." मग म्हणाली, "दंड चालू राहील."

"राहू दे."

हिने तिला चहाला आत बोलावलं. "थँक यू, मिसेस जाधव, पण मी अजून ड्यूटीवर आहे," म्हणाली आणि गेली. पुढे महिनाभरात घर विकून बहिणीकडे अमेरिकेला गेली. नंतर काही कळलं नाही.

रिटायरमेंटच्या त्या दिवशी पाच वाजून गेल्यावर मी सहज खिडकीतून पाहिलं, तर बाई कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर बसलेली. लायब्ररीत परत गेलीच नव्हती. पाचला संपणाऱ्या ड्यूटीची शेवटची पंधरा-वीस मिनिटं तिने तिथेच काढली असावीत, मांडीवर हात ठेवून, ताठ. मी हिला म्हटलं, चहा टाक, आता ती येईल. बुटात पाय घालून दार उघडेपर्यंत बस येऊन उभी राहिली होती. मी हात केला, पण ती पलीकडच्या खिडकीशी बसली.